कातळाचे कुळ : ज्वालामुखी बेटे, समस्थानिके आणि पृथ्वीचे प्रावरण

प्रस्तावना

दक्षिण प्रशांत महासागरातल्या कुक द्वीपसमूहात मांगाइया नावाचे एक छोटे बेट आहे. तिथला लाव्हा सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी थिजला. त्या लाव्ह्यातल्या हिरवट ऑलिव्हिन स्फटिकांच्या पोटात गंधकाच्या संयुगांचे अतिसूक्ष्म कण अडकलेले आहेत. २०१३ मध्ये या कणांतल्या गंधकाच्या समस्थानिकांची मोजमापे प्रसिद्ध झाली. त्यांत एक अशी विषमता आढळली, जी पृथ्वीच्या पोटातल्या कोणत्याही ज्ञात प्रक्रियेने इतक्या ठळकपणे तयार होत नाही. हवेत ऑक्सिजन जवळजवळ नसताना सूर्याचे अतिनील किरण गंधकाच्या वायूंवर पडले, की जो ठसा उमटतो तोच तो होता. वातावरणात ऑक्सिजन साठू लागला आणि सुमारे २४५ कोटी वर्षांपूर्वी असा ठसा उमटणे थांबले. म्हणजे मांगाइयाच्या स्फटिकातला गंधक त्याहून जुन्या काळी हवेतून समुद्रतळावर उतरला होता. तिथल्या खडकांबरोबर तो प्रावरणात बुडाला, अब्जावधी वर्षे खाली राहिला आणि एका बेटाच्या लाव्ह्यातून पुन्हा वर आला.

हा शोध या पुस्तकाच्या विषयाचे सार आहे. प्रावरण म्हणजे भूकवचाखालचा, गाभ्यापर्यंतचा सुमारे २,९०० किलोमीटर जाडीचा खडकांचा थर. पृथ्वीच्या आकारमानाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग तोच व्यापतो. तिथे कोणी गेलेले नाही आणि जाण्याची शक्यताही नाही. भूकंपलहरी त्याची आजची रचना दाखवतात, पण त्याचा इतिहास सांगत नाहीत. तो इतिहास वाचण्याचे सर्वात भरवशाचे साधन म्हणजे महासागरी बेटांवरच्या बेसाल्टमधली समस्थानिके. मात्र या साधनाची एक मर्यादा सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण पुढचे निम्मे वाद तिच्यातूनच निघाले आहेत. समस्थानिके खडकाचे कुळ सांगतात, गाव सांगत नाहीत. लाव्ह्याचा मूळ पदार्थ कशापासून झाला आणि तो बाकीच्या प्रावरणापासून केव्हा वेगळा पडला, हे त्यांच्यावरून कळते. तो पदार्थ ६०० किलोमीटर खोलीवर होता की २,८०० किलोमीटर, याबद्दल ती जवळजवळ गप्प असतात. हा फरक ज्याने मनात पक्का धरला त्याला या क्षेत्रातले कोणतेही लिखाण वाचताना वाट चुकण्याचे भय नाही.

मूळ तत्त्व सोपे आहे. रुबिडियम-८७ हे किरणोत्सारी समस्थानिक अतिशय सावकाश स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये बदलते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५,००० कोटी वर्षे आहे. स्ट्रॉन्शियम-८६ मात्र घटत नाही आणि वाढतही नाही. म्हणून एखाद्या खडकात रुबिडियम जितके जास्त आणि काळ जितका लांब, तितके स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचे गुणोत्तर मोठे होते. प्रावरणाचा खडक थोडासा वितळला, की रुबिडियम शिलारसात जाण्याची घाई करते, स्ट्रॉन्शियम त्या मानाने कमी. शिलारस वर जाऊन कवच बनतो आणि मागे उरलेले प्रावरण रुबिडियमच्या बाबतीत रिते होते. सॅमेरियम आणि निओडिमियम या जोडीत नेमके उलट घडते. तिथे शिलारसाकडे जास्त धावते ते निओडिमियम, म्हणून कवचात सॅमेरियमचे प्रमाण तुलनेने कमी पडते आणि सॅमेरियम-१४७ पासून बनणारे निओडिमियम-१४३ तिथे हळू वाढते. युरेनियम आणि शिसे यांच्या कथेत युरेनियमची दोन समस्थानिके आहेत. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, तर युरेनियम-२३५ चे ७० कोटी. दोन्हींचा शेवट शिशाच्या दोन वेगवेगळ्या समस्थानिकांत होतो. त्यामुळे शिसे एकाच वेळी दोन प्रश्नांची उत्तरे देते : युरेनियमचे प्रमाण किती बदलले, आणि तो बदल पृथ्वीच्या बालपणी झाला की बराच नंतर.

या सगळ्याचा उपयोग होतो तो आणखी एका गोष्टीमुळे. खडक वितळताना मूलद्रव्यांचे परस्परप्रमाण बदलते, पण एकाच जड मूलद्रव्याच्या दोन समस्थानिकांचे प्रमाण बदलत नाही. प्रावरणातल्या तापमानाला स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांच्यात भेद करणे रसायनाला जवळजवळ जमत नाही. म्हणून लाव्ह्यातले गुणोत्तर हेच त्याच्या उगमाचे गुणोत्तर. अट एकच : वाटेत त्यात दुसरे काही मिसळता कामा नये. महासागराखालचे कवच अवघे सहा-सात किलोमीटर जाड, तरुण आणि प्रावरणाच्याच रक्ताचे असते. खंडाखालचे कवच तीस-चाळीस किलोमीटर जाड आणि कित्येक ठिकाणी तीन अब्ज वर्षे जुने असते. महासागरातल्या बेटांना या अभ्यासात पहिला मान मिळाला तो यामुळे.

प्रयोगशाळेत हे काम कसे चालते ते जवळून पाहिल्याशिवाय त्यातल्या आकड्यांची किंमत कळत नाही. बेटावरून आणलेला दगड आधी कापून त्याची हवा-पाण्याने कुजलेली साल काढून टाकतात. उरलेल्याचे बारीक तुकडे करून सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एक-एक तुकडा निवडतात. ज्याच्या भोकांत झिओलाइट किंवा कॅल्साइट भरले आहे, तो बाद. सह्याद्रीत हिंडलेल्याला हे चटकन समजेल, कारण आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांतली ही खनिजे लाव्हा थिजल्यानंतर पाण्यातून साचलेली असतात आणि त्यांचे स्ट्रॉन्शियम लाव्ह्याचे नसते. समुद्राच्या पाण्याचे गुणोत्तर ०.७०९२ आहे, तर मध्यसागरी पर्वतरांगांवरच्या ताज्या बेसाल्टचे ०.७०२५ च्या आसपास. म्हणजे पाण्यात भिजलेला तुकडा उगमाबद्दल सरळ खोटी साक्ष देणार. म्हणून निवडलेले तुकडे गरम हायड्रोक्लोरिक आम्लात धुतात, मग टेफ्लॉनच्या भांड्यात हायड्रोफ्लोरिक आम्लाने विरघळवतात. ते द्रावण रेझिनच्या बारीक नळीतून थेंब-थेंब सोडून हवे ते मूलद्रव्य वेगळे केले जाते. शेवटी उरतो एक थेंब. तो धातूच्या तारेवर सुकवून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये ठेवतात, तार तापवतात, आणि सुटलेले आयन चुंबकाने वजनानुसार वेगळे करून मोजतात. यंत्र नीट चालले आहे ना, हे पाहण्यासाठी जगभर एनबीएस ९८७ हे एकच प्रमाणित स्ट्रॉन्शियम वापरले जाते. त्याचे गुणोत्तर ०.७१०२५ च्या जवळ यायला हवे. शिशाचे काम याहून नाजूक. हवेतली, कपड्यांतली धूळसुद्धा त्यात शिसे मिसळवते, म्हणून ते गाळलेल्या हवेच्या खोलीतच करतात. ही शिस्त क्लेअर पॅटरसन यांनी घालून दिली. १९५६ मध्ये उल्कांतल्या शिशावरून त्यांनी पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे ठरवले आणि या क्षेत्राला मोजमापाचा आरंभबिंदू मिळाला.

बेटांकडे लक्ष वळले ते साठच्या दशकात. १९६३ मध्ये ट्यूझो विल्सन यांनी हवाई बेटांची रांग एका जागच्या उष्ण उगमावरून सरकणाऱ्या समुद्रतळामुळे तयार झाली, असे मांडले. पुढच्याच वर्षी पॉल गास्ट, जॉर्ज टिल्टन आणि कार्ल हेज यांनी दक्षिण अटलांटिकमधल्या असेन्शन आणि गॉफ या दोन बेटांच्या लाव्ह्यातले शिसे आणि स्ट्रॉन्शियम मोजून दाखवले. दोन्ही बेटांची गुणोत्तरे निराळी निघाली. हा लेख छोटा आहे, पण माझ्या मते या क्षेत्राचा पाया तोच. त्याआधी प्रावरण सगळीकडे सारखेच असणार, असे धरून चालण्याची सवय होती. त्या लेखानंतर ते शक्य राहिले नाही, कारण हे फरक तयार व्हायला अब्जावधी वर्षे लागतात. म्हणजे प्रावरण सतत हलत असूनही त्यात जुने भाग इतका काळ वेगळे राहिले आहेत. १९७१ मध्ये जेसन मॉर्गन यांनी अशा उष्ण उगमांच्या, म्हणजे हॉटस्पॉटच्या, खाली प्रावरणाच्या तळापासून उठणारे उष्ण खडकांचे स्तंभ असतात, ही कल्पना मांडली. तेव्हापासून बेटांचे रसायन आणि हे स्तंभ, म्हणजे प्ल्यूम, यांची जोडी जमली. ती किती खरी, हा वाद अजून मिटलेला नाही.

सत्तरच्या दशकात चंद्रावरचे दगड मोजण्यासाठी यंत्रे खूपच सुधारली आणि निओडिमियमचे मोजमाप आवाक्यात आले. १९७६ मध्ये डोनाल्ड डी-पाओलो आणि जेराल्ड वॉसरबर्ग यांनी निओडिमियम आणि स्ट्रॉन्शियम एकमेकांच्या उलट दिशेने बदलतात, हे दाखवले. त्यावरून पहिला मोठा पंथ उभा राहिला. ६६० किलोमीटरच्या सीमेवर प्रावरणाचे दोन मजले पडतात, वरचा खंडांच्या निर्मितीत रिता झाला, खालचा मूळ स्थितीत शाबूत आहे, आणि बेटांचा लाव्हा या दोन्हींचे मिश्रण आहे, असे तो सांगे. गणित सुबक होते. पण शिशाचे आकडे त्यात बसेनात. सेंट हेलेना किंवा मांगाइयाच्या लाव्ह्यातले शिसे इतके किरणोत्सारजन्य होते, की कोणत्याही मूळ पदार्थात रिता पदार्थ कितीही मिसळला तरी ते मिळत नव्हते.

१९८२ मध्ये आल्ब्रेख्त हॉफमान आणि विल्यम व्हाइट यांनी वेगळी वाट काढली. समुद्रतळाचे कवच खंदकांपाशी प्रावरणात बुडते. बुडताना त्यातले पाणी निघून जाते आणि पाण्याबरोबर बरेचसे शिसेही जाते; युरेनियम त्या मानाने मागे राहते. असे कवच एक-दोन अब्ज वर्षे खाली पडून राहिले, तर त्यातले शिसे सेंट हेलेनासारखेच होणार. म्हणजे बेटांचा लाव्हा हा मूळ, न वापरलेल्या पृथ्वीचा नमुना नसून एकदा पृष्ठभागावर येऊन गेलेल्या खडकाचा आहे. विज्ञानात काही विचार असे असतात, की ते मांडले गेल्यावर आधीचे चित्र पुन्हा पूर्वीसारखे दिसत नाही. हा त्यांपैकी एक. मांगाइयाचा गंधक हा त्याचाच, तीस वर्षांनंतर मिळालेला सर्वात थेट पुरावा.

१९८६ मध्ये अ‍ॅलन झिंडलर आणि स्टॅन हार्ट यांनी त्या काळापर्यंतचा सगळा विदा एकत्र मांडून चार टोके ठरवली. या पुस्तकात ती पुन्हा पुन्हा भेटतील, म्हणून ओळख इथेच करून देतो. पहिले म्हणजे मध्यसागरी पर्वतरांगांखालचे रिते प्रावरण. दुसरे हिमू, म्हणजे शिशाच्या मानाने युरेनियम फार असलेले. सेंट हेलेना, मांगाइया आणि तुबुआई ही त्याची बेटे. तिसरे आणि चौथे ईएम-१ आणि ईएम-२ ही संपन्न प्रावरणाची दोन रूपे. पिटकेर्न ईएम-१ चे ठळक उदाहरण, सामोआ ईएम-२ चे. सामोआच्या बाबतीत २००७ मध्ये मॅथ्यू जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी सावाइई बेटाजवळच्या समुद्रतळावरून आणलेल्या लाव्ह्यात स्ट्रॉन्शियमचे गुणोत्तर ०.७२०५ पर्यंत मोजले. महासागरी लाव्ह्यात इतका मोठा आकडा अन्यत्र मिळालेला नाही. खंडावरून नदीने वाहून आणलेला गाळ समुद्रतळाबरोबर प्रावरणात गेला आणि त्याचा काही टक्के अंश या लाव्ह्यातून परतला, हे त्याचे सर्वात सरळ स्पष्टीकरण आहे. पिटकेर्नबद्दल एकमत कमी आहे. कोणी खंडाच्या खालच्या कवचाकडे बोट दाखवतो, कोणी अतिप्राचीन गाळाकडे.

या चार नावांबद्दल एक इशारा द्यावासा वाटतो. ती आलेखावरची टोके आहेत, प्रावरणातल्या चार कोठ्या नव्हेत. बहुतेक बेटांचे आकडे टोकांवर नसून मधल्या एका भागाकडे झुकतात. हार्ट आणि सहकाऱ्यांनी त्या मधल्या घटकाला १९९२ मध्ये फोझो हे नाव दिले. इतरांनी जवळपास त्याच भागाला ‘सी’ म्हटले. विद्यार्थी नावे पाठ करतात आणि मग प्रत्येक बेटाला एक नाव चिकटवून मोकळे होतात. तसे केले की सर्वात महत्त्वाचा प्रश्न हातून निसटतो : वेगवेगळी टोके एकाच मध्याकडे का येतात? हवाईसारख्या ठिकाणी तर एकाच द्वीपमालिकेत दोन समांतर रांगा आहेत. मौना लोआच्या रांगेतले शिसे किलाउएआच्या रांगेपेक्षा पद्धतशीरपणे वेगळे आहे, आणि हा भेद लाखो वर्षे टिकलेला दिसतो. दोन रांगांमधले अंतर काही डझन किलोमीटरच. एकाच उगमाच्या दोन बाजू इतक्या जवळ असून मिसळत नाहीत, हे समजावून सांगणे आजही सोपे नाही.

दक्षिण गोलार्धात तर हा भेद खंडांएवढ्या विस्ताराचा आहे. हिंदी महासागराच्या तळावरच्या बेसाल्टचे शिसे अटलांटिक आणि प्रशांतपेक्षा वेगळे आहे, हे बर्नार दुप्रे आणि क्लोद अलेग्र यांनी १९८३ मध्ये दाखवले. पुढच्या वर्षी हार्ट यांनी दक्षिण गोलार्धाभोवतीचा हा पट्टा नकाशावर मांडला आणि दोघांच्या आडनावांवरून त्याला द्यूपाल म्हटले. मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या समुद्राच्या पुढे जो तळ पसरला आहे, तो या गोष्टीचा भाग आहे.

हेलियमची कथा वेगळ्या स्वभावाची. हेलियम-४ युरेनियम आणि थोरियमपासून सतत तयार होते, हेलियम-३ जवळजवळ सगळे पृथ्वी घडतानाचेच. हवेतल्या गुणोत्तराच्या तुलनेत पर्वतरांगांवरच्या बेसाल्टमध्ये हेलियम-३ चे प्रमाण सुमारे आठपट असते, हवाईजवळच्या लोइही या सागरी ज्वालामुखीत तीसपटीच्या घरात, आणि कॅनडाच्या बॅफिन बेटावरच्या जुन्या लाव्ह्यात पन्नासपटीच्याही वर. उघड निष्कर्ष असा, की इथे कधीही न वितळलेले, वायू न गमावलेले आदिम प्रावरण वर येते. पण हिमूच्या बेटांवर हेच प्रमाण आठपटीहूनही कमी असते, आणि ज्या लाव्ह्यात हेलियम-३ सर्वाधिक, त्याचे निओडिमियम मात्र रित्या प्रावरणासारखे. म्हणून दुसरा पंथ म्हणतो की इथे हेलियम-३ जास्त नाही, युरेनियम आणि थोरियमच कमी आहे. मला पहिली बाजू अधिक पटते, कारण झेनॉनने तिला आधार दिला आहे. आइसलँडच्या खडकांतल्या वायूंवरून सुजोय मुखोपाध्याय यांनी २०१२ मध्ये दाखवले, की त्या बेटाचा उगम आणि पर्वतरांगांचा उगम पृथ्वीच्या पहिल्या दहा कोटी वर्षांतच वेगळे झाले आणि पुढे कधीही पूर्ण मिसळले नाहीत.

गेल्या दहा वर्षांत हीच दिशा सर्वाधिक फळली. काही किरणोत्सारी समस्थानिके पृथ्वीच्या बालपणीच संपली. हाफ्नियम-१८२ चे अर्धायुष्य सुमारे ९० लाख वर्षे. त्यातून बनलेल्या टंगस्टन-१८२ मध्ये आज जो फरक दिसेल तो पृथ्वीच्या पहिल्या पाच-सहा कोटी वर्षांतलाच असणार. २०१७ मध्ये हवाई आणि सामोआच्या लाव्ह्यात टंगस्टन-१८२ ची किंचित तूट आढळली, आणि ती जास्त हेलियम-३ बरोबर येते, हेही दिसले. अशी तूट धातूच्या गाभ्याशी जुळते. २०२५ मध्ये हवाईच्या खडकांतल्या रुथेनियमनेही गाभ्याकडेच बोट दाखवले. गाभ्यातला पदार्थ थोड्या प्रमाणात वर पाझरतो, हा विचार वीस वर्षांपूर्वी धाडसाचा वाटे. आता तो गंभीरपणे घ्यावा लागतो. तरी हे फरक दहा लाखांत काही भाग इतकेच आहेत, आणि इतक्या सूक्ष्म आकड्यांवर उभा राहिलेला निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेने पुन्हा मोजून पाहिल्याखेरीज अंतिम मानू नये.

मग हे सगळे खाली नेमके कुठे आहे? इथे भूकंपशास्त्राची मदत लागते. आफ्रिका आणि प्रशांत महासागराखाली, गाभ्याच्या सीमेवर, भूकंपलहरी मंदावतात असे दोन अवाढव्य प्रदेश आहेत. २०१५ मध्ये स्कॉट फ्रेंच आणि बार्बरा रोमानोविच यांनी अनेक हॉटस्पॉटखाली प्रावरणाच्या तळापर्यंत जाणारे रुंद स्तंभ दाखवले. याउलट डॉन अँडरसन, जिलियन फाउल्जर यांच्यासारख्या अभ्यासकांनी अनेक वर्षे आग्रहाने सांगितले, की बेटांचा लाव्हा उथळ प्रावरणातल्या मिश्र खडकांपासून, कवच ताणले-फाटले गेल्यानेही येऊ शकतो, आणि खोल स्तंभ गृहीत धरायची सक्ती समस्थानिके करत नाहीत. शेवटच्या मुद्द्यावर ते बरोबर आहेत, आणि म्हणूनच त्यांचे म्हणणे या पुस्तकात पूर्ण वजनाने आले आहे.

मराठी वाचकाला हा वाद दूरचा वाटू नये. दख्खनचे बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडले, आणि प्रचलित मतानुसार त्यांचा उगम आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली असलेला हॉटस्पॉट. दोघांमध्ये लक्षद्वीप-मालदीव-चागोसची समुद्रातली रांग आहे. १९८७ मध्ये तिथे केलेल्या वेधनांत खडकांचे वय दक्षिणेकडे कमी होत गेलेले मिळाले; मालदीवपाशी ते सुमारे ५.७ कोटी वर्षे आहे. पण दख्खनचा लाव्हा भारताच्या जुन्या खंडीय कवचातून वर आला. कोयना परिसरातल्या वेधनात रसाटीपाशी सुमारे ९३० मीटर बेसाल्टखाली ग्रॅनाइट आणि नाइस लागले. तो जुना पाया पश्चिम घाटाच्या कातळाखाली दूरवर पसरला आहे. त्यामुळे घाटातला एकेक थर वेगळी साक्ष देतो. बुशे थराचे स्ट्रॉन्शियम ०.७१३ च्याही वर जाते, म्हणजे त्यात खंडाचे कवच भरपूर मिसळले आहे. अंबेनळीचा थर मात्र ०.७०४ च्या आसपास राहतो. महाबळेश्वर-पोलादपूर रस्त्याच्या अंबेनळी घाटावरून ज्याचे नाव पडले तो हा थर, दख्खनमधला प्रावरणाच्या सर्वात जवळचा. १९८० च्या दशकात जॉन महोनी, कीथ कॉक्स, ख्रिस हॉक्सवर्थ आणि मुंबईच्या आयआयटीतले के. व्ही. सुब्बाराव यांच्यासारख्यांनी हा थरांचा क्रम आणि त्याचे रसायन लावून दिले.

रियुनियनचे लाव्हे उलट आश्चर्यकारकरीत्या एकसारखे आहेत. पिटाँ द ला फुर्नेज हा जगातल्या सर्वाधिक जागृत ज्वालामुखींपैकी एक, आणि त्याचे स्ट्रॉन्शियम ०.७०४ च्या किंचित वर, अरुंद पट्ट्यात राहते. हेलियम-३ बारा ते चौदापट. १९९३ मध्ये असिश बसू आणि सहकाऱ्यांनी राजस्थानातल्या मुंडवारा आणि सर्णू इथल्या खडकांत जवळजवळ तेवढेच, सुमारे चौदापट, हेलियम-३ मोजले आणि दख्खनच्या प्ल्यूमची ती पहिली चाहूल मानली. पुढे तिथल्या काही खडकांची वये बरीच जुनी निघाली आणि प्रश्न पुन्हा उघडला. मुंबईच्याच आयआयटीतले हेतू शेठ यांनी २००५ मध्ये दख्खनपासून रियुनियनपर्यंत प्ल्यूमचा मागमूस नाही, अशी थेट भूमिका घेतली. तिकडे २०१८ मध्ये ब्रॅडली पीटर्स आणि सहकाऱ्यांनी रियुनियनच्या खडकांत निओडिमियम-१४२ चे असे सूक्ष्म फरक मोजले, जे पृथ्वीच्या पहिल्या पन्नासएक कोटी वर्षांतच तयार होऊ शकतात. २०१२-१३ मध्ये बेटाभोवती समुद्रतळावर ठेवलेल्या भूकंपमापकांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये जे चित्र आले, त्यात उगम सरळ स्तंभासारखा नसून फांद्या फुटलेला दिसतो. आणि शेजारच्या मॉरिशसमध्ये ५७ लाख वर्षांच्या ज्वालामुखी खडकात अडीच ते तीन अब्ज वर्षे जुने झिरकॉन स्फटिक सापडले, म्हणजे तिथे महासागरातही खंडाचा तुकडा बुडालेला असण्याची शक्यता आहे. बेट म्हणजे निर्मळ नमुना, हे गृहीतकही मग प्रत्येक बेटाला वेगळे तपासावे लागते.

हे सगळे मराठीत आणण्याची वेळ आता आली आहे, असे मला मनापासून वाटते. जगभरच्या बेटांची हजारो मोजमापे जिओरॉकसारख्या संग्रहांत कोणालाही मोफत मिळतात. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत समस्थानिक भूविज्ञानाची परंपरा जुनी आहे. पुण्या-मुंबईतला, नाशिक-कोल्हापुरातला भूशास्त्राचा विद्यार्थी ज्या कातळावर वाढतो तोच या प्रश्नाचा निम्मा पुरावा आहे, आणि तरी त्याला हा विषय अभ्यासक्रमात चार ओळींत भेटतो.

या संग्रहातल्या लेखकांना मी एकच विनंती केली होती : जे मोजले ते आणि जे त्यावरून ठरवले ते, ही दोन वाक्ये वेगळी लिहा. बहुतेकांनी ती पाळली आहे, आणि जिथे मतभेद आहेत तिथे तो लेख कोणत्या बाजूचा हे सुरुवातीलाच सांगितले आहे. तीन गोष्टी आम्ही मुद्दाम सोडल्या. खंदकांलगतचे ज्वालामुखी, म्हणजे अंदमानचे बॅरन बेटही, यात नाहीत, कारण तिथले रसायन बुडणाऱ्या तळाच्या पाण्याने ठरते आणि त्याला स्वतंत्र पुस्तक हवे. ऑलिव्हिनमधल्या निकेलवरून उगमाचा खडक ओळखण्याचे काम जिथे अपरिहार्य तिथेच आले आहे. दख्खनचा उद्रेक आणि डायनोसॉरांचा अंत यांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. ते इथे पुन्हा नाही.

गणिताचा धाक वाटणाऱ्याने समस्थानिकांची समीकरणे पहिल्या वाचनात ओलांडून जावे. आलेख कळले की पुढचे अडत नाही. ज्याला सगळे क्रमाने वाचायचे नसेल त्याने रियुनियनच्या लेखापासून सुरुवात करावी. त्या लेखात बेटावरच्या लाव्ह्याचे स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियमचे आकडे अंबेनळीच्या आकड्यांशेजारी ठेवले आहेत, आणि त्यांच्याखाली बुशेचे. तिन्ही एका आलेखकागदावर स्वतः मांडून पाहावेत आणि मगच लेखाचा उत्तरार्ध वाचावा.